बिराजदार मॅडमची कडक भाकरी

आमच्या बिराजदार मॅडम वर्गात हाडांच्या आधी जेवणाचा डबा उघडायच्या. त्यात एक सकाळची मऊ भाकरी असे आणि एक सोलापुरी कडक. मऊ भाकरी वाकवत वाकवत फाडायच्या, कडक भाकरी खाडकन मोडायच्या. "बघितलं की? ओलं हाड असं मोडतं, वाळलेलं असं. विसरलात तर जेवण बंद!" गेल्या वर्षी त्या निवृत्त होऊन अक्कलकोटला गेल्या. मूळच्या तिथल्याच, चिडल्या की कानडीत चिडायच्या, आणि पोलीस दिसले की हमखास चिडायच्या. त्यांच्या हाताखाली मी न्यायवैद्यक शिकवायला लागले आणि माझं वजन वाढलं, कारण मोडलेली भाकरी वाया घालवायची नाही, हा विभागाचा नियम होता.

एकदा करमाळ्याकडच्या एका विहिरीतला गाळ जेसीबीने काढताना सांगाडा निघाला. चांदीच्या करदोड्यावरून ओळख पटली. दोघा भावांतला कित्येक वर्षांपूर्वी घरातून नाहीसा झालेला थोरला होता तो. मांडीचं हाड मोडलेलं, कवटी फुटलेली. जमिनीपायी धाकट्यानेच मारलं, असं गावाने ठरवून टाकलं. आईनेही. आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर ती एका टोकाला बसली होती, धाकटा दुसऱ्या टोकाला. सांगाडा निघाल्यापासून तिने त्याच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

मॅडमनी भिंग लावलं. "अगं, हे बघ. गाळात राहून हाड काळं पडलंय, पण मोडलेली कड पांढरी. तेव्हाच मोडलं असतं तर कडही काळी झाली असती की! हे जेसीबीचं काम." कवटीचंही तेच निघालं.

"मग मेला कसा?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"ते हाडात नाही. हाडात नाही ते मी लिहीत नाही."

बाहेर येऊन मॅडमनी हे सांगितलं तशी म्हातारी उठून उभी राहिली. "बाई, मग पाय घसरून पडला आसंल, व्हय?"

मला वाटलं, मॅडमनी 'हो' म्हणावं. काय बिघडतं?

"मला ठाऊक नाही, मावशी. खोटं सांगणार नाही. पण जी मोडलेली हाडं बघून तुम्ही ह्याला खुनी ठरवलं, ती परवा यंत्राने मोडलीत."

धाकटा ढसाढसा रडायला लागला. मॅडमना कुणाचं रडणं सोसत नसे. आपला डबा बाकावर ठेवून त्या आत निघून आल्या.

थोड्या वेळाने मी दारातून डोकावले. म्हातारीच्या तोंडात दात नव्हते. धाकटा मॅडमच्या डब्यातली कडक भाकरी डब्यातल्याच आमटीत चुरत होता, आणि ती त्याच्या हातून घास घेत होती.

मॅडमही माझ्यामागे येऊन उभ्या होत्या. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "आता वर्गात काय मोडायचं गं?"