आईने अर्ध्यावर सोडलेला धवला

माझ्या आईने मला फसवलं. परक्या कुणी फसवलं असतं तर भर बाजारात उभं करून जाब विचारला असता. आईचं काय करणार?

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. वेसाव्याच्या कोळीवाड्यात जन्मले, दर्यावरच्या भुतांच्या गोष्टी ऐकतच मोठी झाले, पण एकीलाही कधी भाव दिला नाही. अंधेरीच्या मार्केटात टोपली घेऊन बसले, तिथून आज हॉटेलांना आणि घरोघरी मासळी पुरवते. ऑर्डरी मोबाइलवर येतात. हाताला लागतं तेच खरं, बाकी गप्पा.

आई धवलारीण होती. आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण गाऊन पार पाडते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. शेवटच्या धवल्यात आई नवरीचं नाव घालायची. वाड्यातल्या कितीतरी मुलींची नावं तिच्या तोंडून गेली. माझ्या लग्नात मात्र ती गायलीच नाही. घसा बसला म्हणाली. दुसरीला बोलवावं लागलं. मी भडकले, तेव्हा जवळ घेऊन म्हणाली, "रडू नको गो भानू, तुझ्या पोरीच्या लग्नात तुझापण धवला म्हणीन." शब्द दिला. आणि मागच्या वर्षी गेली... माझ्या मुलीचं, श्रुतीचं, लग्न ठरायच्या आधीच.

श्रुती नोकरीसाठी डब्लिनला असते. जाण्यापूर्वी तिने आजीला बसवून धवले मोबाइलवर रेकॉर्ड केले होते, ते घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेत. शेवटचा आईने अर्ध्यावर सोडला. "मांडव नाय, हळद नाय, पुरा कसा म्हणू? पुरे आता," हे तिचं बोलणंही त्यात आहे.

हळदीसाठी श्रुतीला तो सगळा फोल्डर हवा होता, जुन्या लग्नांच्या व्हिडिओंसकट. पाठवायला लावला आणि घरातलं नेट बसलं. गिऱ्हाइकांना मासळीचे फोटो जाईनात, ऑर्डरी अडकल्या. नेटवाल्याला बोलावलं.

"मावशी, प्लॅन वाढवून घ्या."

"शिळ्या पापलेटावर बर्फ मारून ताजं म्हणून विकणारे खूप बघितले रे. नीघ!"

दुपारी बाजार आटपून आल्यावर राउटर उलटा करून पासवर्ड वाचला आणि सेटिंग मीच उघडलं. श्रुती फोनवर सांगत होती, "आई, आपल्या फाइली बाहेर जाताना सगळी वाट अडवतात, म्हणून आत काही येत नाही. अपलोडला लिमिट लाव." हे मला लगेच कळलं. खाडीच्या तोंडाशी बाहेर निघालेल्या होड्यांची गर्दी झाली की भरून आलेल्या होड्या तिथेच खोळंबतात. मी लिमिट लावलं, सेव्ह केलं, राउटर बंद करून चालू केला. नेट सुधारलं. फोल्डर सावकाश, पण जाऊ लागला.

संध्याकाळी श्रुतीचा व्हिडिओ कॉल आला. डोळे लाल.

"आई, शेवटचा धवला पूर्ण कधी रेकॉर्ड केलास?"

"पूर्ण कुठला? तुझ्यासमोरच थांबली होती ना ती?"

"यात थांबतच नाही गं. पुढे गाते... शेवटी नाव घेते."

"तुझं?"

"नाही. तुझं. भानू म्हणते."

मी ओरडलेच — गेलेल्या माणसाची थट्टा करतेस? तिने लॅपटॉप कॅमेऱ्यासमोर आणला, गाणं लावलं. आईचा आवाज आला... आणि नेहमीच्या जागी थांबला. या वेळी "पुरे आता" नाही, काहीच नाही. पण पडद्यावर गाणं पुढे सरकत होतं. श्रुतीची मान ठेक्यावर हलत होती. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"ऐकलंस ना?"

"काय ऐकू? लाव परत!"

तिने परत परत लावलं. मला नाहीच.

नाहूरला माझा भाऊ राहतो. श्रुतीने त्याला ती फाइल पाठवली. त्याने पूर्ण ऐकली. मी त्याच्या घरी जाऊन त्याच्याच मोबाइलला कान लावला, तर अर्धीच. "अगं ताई, चालू आहे, ऐक की!" म्हणत तो रडत होता. मी कान तपासून घेतले. ठणठणीत आहेत. घरच्या कॉम्प्युटरवरची फाइल भावालाही अर्धीच ऐकू येते, "पुरे आता" सकट. लिमिट काढून पाठवली, लावून पाठवली — आता कुणाकडेही अर्धीच जाते. नेटवाल्याला पुन्हा बोलावलं, चहा पाजून विचारलं. म्हणाला, "मावशी, जाताना फाइल तुटते, बिघडते. वाढत नाही."

भाऊ म्हणाला, शब्द लिहून देतो. शब्द घेऊन काय करू? मला तिच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय. दुपारी हात धुऊन मी कॉम्प्युटरसमोर बसते, आवाज वाढवते आणि ती थांबते तिथून पुढे नुसती ऐकत राहते. काय झालं, कसं झालं, मला अजून सांगता येत नाही. हे वाचणाऱ्या कुणाला कळलं तर सांगा.

पुढच्या महिन्यात श्रुतीची हळद आहे. तिच्याकडचा धवला मांडवात मोठ्या स्पीकरवर लावणार आहोत. अख्खा वाडा ऐकेल.

आई, मांडव असेल, हळद असेल. नाव माझं घेतलंस, मग सगळ्यांच्या आधी ते मला ऐकू आलं पाहिजे. नाही आलं, तर का नाही ते सांगायला तू स्वतः ये. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस.