अक्का सगळ्यांच्या झेंड्यालाच निघायच्या

फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या कोठी बाजारात एका दुकानात अक्कांसाठी गाऊन बघत होते. सलाइनमुळे त्यांचा हात वर होत नव्हता, म्हणून पुढून बटणं असलेला हवा होता. "अक्का गेली," एवढंच सुरेश, माझे यजमान, फोनवर म्हणाले. दुकानदाराला काय कळणार… "और क्या होना अम्मा?" त्यानं विचारलं. मी तो गाऊन बांधून घेतला आणि ते पुडकं मांडीवर धरून रिक्षात बसले. आता काही आठवडे झालेत. थोडं निवांतपणे त्यांच्याबद्दल लिहिता येईल असं वाटतंय.

शकुंतला अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. सासऱ्यांनी नांदेडकडचं गाव सोडून हैदराबादेत नोकरी धरली, त्यामुळे अक्का इथंच शिकल्या, टेलिफोनच्या ऑफिसात लागल्या. लग्न केलं नाही, आमच्याच नारायणगुड्याच्या घरात राहिल्या. पन्नाशी जवळ आली असताना ऑफिसच्या सहलीत कुणीतरी त्यांना हुसेनसागरावर शिडाच्या होडीत बसवलं, आणि त्या घरी आल्या त्या हे शिकायचंच असं ठरवून. रात्रीच्या जेवणावर सगळे हसले. "अक्का, आपल्या सात पिढ्यांत कुणी पोहलेलं नाही," सुरेश म्हणाले. अक्कांनी भाकरी मोडता मोडता सांगितलं, "आजीला गावच्या विहिरीला हात लावू दिला नाही लोकांनी. इथं अख्खा तलाव समोर आहे. मी काय काठावरच उभी राहू?" त्यानंतर कुणी हसलं नाही. आधी त्या पोहायला शिकल्या, मग होडी. होडीला दोन माणसं लागत, म्हणून एके दिवशी माझी ओढणी धरून म्हणाल्या, "वैशाली, तूही चल." मी शाळेत शिकवणारी बाई, मला बादलीतल्या पाण्यापलीकडे पाणी ठाऊक नव्हतं. पण अक्कांना नाही म्हणणं आमच्या घरात कुणालाच जमलेलं नव्हतं.

पावसाळ्यातल्या मोठ्या स्पर्धा आटोपल्या, बाहेरगावचे खेळाडू परतले, की तलाव आमचा व्हायचा. काठावरच्या दोन-तीन क्लबांतली हौशी माणसं शुक्रवारी संध्याकाळी आपापल्या होड्या काढून शर्यत लावत. ना बक्षीस, ना पाहुणे. तलावामधल्या बुद्धाच्या पुतळ्याला डावीकडे ठेवून लांबच्या तरंगत्या बोयाला वळसा घालायचा आणि परत यायचं. वारा मंद असायचा, गणपतींच्या विसर्जनातले बांबू आणि काथ्याचे दोर अजून पाण्यात असायचे, ते सुकाणूत अडकायचे. सुटण्याचा झेंडा दाखवायचं काम निवृत्त इंजिनियर रेड्डीसाहेब करत. माणूस अतिशय सज्जन. आम्ही दोघी एकट्याच बायका, म्हणून त्यांनी आमच्यासाठी आधी एक वेगळा झेंडा काढला, म्हणजे आम्ही पुरुषांच्या थोडं आधी सुटावं. पहिल्याच शुक्रवारी तो झेंडा वर गेला आणि अक्कांनी होडी रेषेवरून परत वळवली. काठावरून रेड्डीसाहेब ओरडले, "अक्का, आपका झंडा हो गया, जाओ ना!" अक्का तितक्याच जोरात म्हणाल्या, "मेरा झंडा नक्को साब! सबका होताच जाती मैं." आणि खरंच, सगळ्यांचा झेंडा होईपर्यंत आम्ही तिथंच गोल गोल फिरत राहिलो. पुढच्या शुक्रवारी तेच, त्याच्या पुढच्याही. बाकीचे आधी हसले, मग वैतागले. आम्ही शेवटून पहिल्या-दुसऱ्या यायचो, तरी अक्कांची मान ताठ!

मग ती एक संध्याकाळ आली. वाऱ्याची एक झुळूक नेमकी आमच्याच शिडात भरली आणि बोयाशी आम्ही सगळ्यांच्या पुढे पोचलो. वळताना होडीची कड बोयाला हलकेच घासली… बोया जरासा डुलला, बस्स. मागचे लोक दूर होते, काठावरून दिसणं शक्य नव्हतं. नियम असा, की बोयाला स्पर्श झाला तर स्वतःभोवती एक पूर्ण फेरी मारायची. अक्कांनी सुकाणू फिरवलं. "अक्का, कुणी पाहिलं नाही!" मी जवळजवळ रडतच म्हणाले. "आपण दोघींनी पाहिलंय की," त्या म्हणाल्या. तेवढ्या वाऱ्यात ती फेरी संपता संपेना. एकेक होडी आमच्या शेजारून निघून गेली. आम्ही शेवटच्या आलो. रेड्डीसाहेबांनी विचारलं, तेव्हा अक्कांनी सरळ सांगून टाकलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पुढच्या शुक्रवारी आमचा वेगळा झेंडा निघालाच नाही. एकच झेंडा, सगळ्यांना. अक्कांनी काठाकडे बघून हात उंच केला आणि मला म्हणाल्या, "आता जिंकायचं." त्या वर्षी नाही, पण पुढच्या हंगामात आम्ही जिंकलो, तेही चांगल्या अंतरानं. बाकीच्या होड्यांवरून टाळ्या आल्या. अक्कांनी त्या हक्कानं घेतल्या, लाजल्या वगैरे अजिबात नाहीत.

आजार कळल्यावरही त्या एक हंगाम आल्या. हातात जोर उरला नव्हता. होडीत चढल्यावर सरळ माझ्या जागेवर बसल्या आणि सुकाणूकडे बोट दाखवलं. मी अर्धा वेळ त्यांच्याकडेच बघत होते, तर ओरडल्या, "वारा माझ्या तोंडावर आहे का? शिडाकडे बघ!" त्या दिवशी आम्ही मधेच कुठेतरी आलो. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकला, तो मला अजून जाणवतो.

परवा बुद्धवंदनेला आलेले नातलग परतल्यावर आम्ही दोघं अक्कांची खोली आवरायला गेलो. चादरी काढल्या, औषधं पिशवीत भरली. खिडकीच्या गजाला अक्कांनी लाल लोकरीचा एक धागा बांधलेला आहे. पलंगावर पडल्या पडल्या त्यांना त्यावरून वारा कळायचा. सुरेश खिडकी लावायला गेले आणि थांबले. धागा आडवा होऊन फडफडत होता.

"आज शुक्रवार ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुझ्याबरोबर कोण असतं आता होडीत?"

"कुणीच नाही. म्हणून तर गेले नाही."

खिडकी तशीच उघडी ठेवून त्यांनी बाहेर जाऊन चपला घातल्या आणि मला हाक मारली, "चल मग. मला काय काय करायचं ते रिक्षात सांग."