शकिलाच्या अर्थिंगचा खड्डा

लातूरच्या त्या गल्लीत शकिलाला सगळे जरा खुळीच समजायचे, आणि बघणाऱ्यांची त्यात फारशी चूक नव्हती. ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्या गावात ही बाई रोज सकाळी दोन बादल्या घराच्या भिंतीलगतच्या एका खड्ड्यात ओतायची आणि वर मूठभर मीठ टाकायची. शेजारची जगदेवी विचारायची, "काय गं, कॉम्प्युटरला तहान लागली का?" शकिला हसून म्हणायची, "हाव, लई लागली."

चेष्टा होती, पण खोटं काही नव्हतं. गावात तेव्हा शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. महाराष्ट्रभरातून पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येत, आणि त्यांना रोज लागणाऱ्या प्रश्नपत्रिका कुणीतरी टाइप करायला हव्या होत्या. बारावी झालेल्या शकिलाने दोन हजार तीन साली घरात कॉम्प्युटर आणला. अडचण एकच, वीज. दिवसाचे आठ तास लोडशेडिंग. जायची तेव्हा गुमान जायची, परत यायची ती मात्र अशी तावातावाने की बल्ब उडायचे.

तिने यूपीएस घेतला. वायरमन शरणप्पा म्हणाला, "बाई, नुसत्या डब्यानं भागत न्हाई. अर्थिंग पाहिजे. पाच फूट खड्डा, तळाला तांब्याची प्लेट, वर कोळसा आन् मीठ. रोज पाणी घाला. जास्तीचा करंट जमिनीत जाईल, मशीन वाचंल." खड्डा झाला त्या दिवशी शकिला लेक सुमय्याला घेऊन औशाला भाच्याच्या लग्नात होती. परत आली तेव्हा सगळं बुजवून झालं होतं आणि पाइपाचं तोंड तेवढं वर दिसत होतं.

तेव्हापासून तांदूळ धुतलेलं, कपडे खळबळलेलं, नमाजाआधीच्या वजूचं, सगळं पाणी त्या खड्ड्याला. ती आजारी असली की सासरा खाजामियाँ बादली उचलायचा. म्हातारा सुतार होता, चार शब्दांच्या जागी एक बोलणारा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औसा तालुक्यातलं गाव सोडून तो मुलाला, जावेदला, घेऊन इथे आला. बायको भूकंपातच गेली होती. तो त्याबद्दल बोलत नसे आणि घरात कुणी विचारतही नसे.

कॉम्प्युटरला हात लागला की बोटांना झिणझिण्या यायच्या. शकिलाने रबरी चपला घेतल्या आणि विषय संपवला. एवढं पाणी पिणाऱ्या खड्ड्यावर शंका घ्यायला तिचं मन तयार नव्हतं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात तिच्या हातात आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं. जीवशास्त्राचे चार हजार प्रश्न, आठ महिन्यांची मेहनत. सोमवारी ते छापखान्यात जायचे होते आणि पुस्तकाच्या आतल्या पानावर 'टंकलेखन : शकिला शेख' असं येणार होतं. ती ओळ तिने टाइप करून दहा वेळा बघितली होती. पुस्तक ज्यांचं त्या शिकवणीच्या सरांनी सगळं सीडीवर उतरवून ठेवायला सांगितलं, तर या बाईने त्यांना खिडकीतून खड्डा दाखवला.

शनिवारी दुपारी वीज आली. फट्ट आवाज झाला, यूपीएसमधून धूर निघाला आणि पडदा काळा झाला.

दुरुस्तीला संघपाल आला. शरणप्पा आता उदगीरला गेला होता. संघपालने कॅबिनेट उघडून वास घेतला आणि मान हलवली. "ताई, हार्ड डिस्कबी गेली."

"अर्थिंग हाय की," शकिला म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

संघपालने पहार घेऊन खड्डा उकरला. दीड फुटावर पाइप संपला. वायरचं टोक तिथेच मातीत नुसतं सोडलेलं. खाली पिवळा मुरूम, कधी कुणी फोडलेलाच नाही. "ताई, हितं खड्डाच झाला न्हाई. प्लेट न्हाई, काय न्हाई."

शकिलाने मातीतली वायर उचलली. तीन वर्षं, रोज दोन बादल्या. तिच्या तोंडून शरणप्पाचं नाव आणि त्यामागे एक शिवी निघाली.

"त्याला बोलू नको," मागून खाजामियाँ म्हणाला. "मीच थांबवलं त्याला. प्लेट मीच परत पाठवली."

शकिला वळली. चोराने फसवलं असतं तर तिला समजलं असतं. "अब्बा, तुम्हीबी पाणी घातलं ह्याच्यात."

"हाव."

"भिंतीजवळ नको होता तर सांगायचं. दारात खणला असता. दहा पावलं लांब."

"सांगितलं असतं तर का नको, ते तू विचारलं असतंस, बेटा."

म्हातारा पायरीवर टेकला. "भूकंपाच्या आठ दिवस आधी मी खड्डा खणला होता. न्हाणीचं पाणी जिरवायला. भिंतीला लागून, कमरेएवढा. जावेदची अम्मी म्हणली, लांब घ्या. मी म्हणलं, तुला काय कळतं. पहिली तीच भिंत पडली. त्या भिंतीकडंच निजली होती ती." त्याने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "हिच्या आत सुमय्याची खाट हाय."

"अब्बा, तवा सगळं गावच पडलं," शकिला कसंबसं म्हणाली.

"तेच तेरा वर्षं सोताला सांगून राहिलो." मग खालच्या आवाजात, "जावेदला म्हाईत न्हाई."

शकिलाला रागही येईना आणि रडूही येईना. आठ महिने आणि ती एक ओळ गेली होती, आणि ज्याच्यामुळे गेली तो म्हातारा समोर हात मांडीवर ठेवून बसला होता. तिने संघपालला खड्डा बुजवायला सांगितलं.

संध्याकाळी जावेद घरी आला आणि जळका डबा बघून हबकला. "एवढं अर्थिंग असून जळलंच कसं?"

खाजामियाँने मान खाली घातली. शकिला भाकरी थापत होती.

"वीजच लई जोरात आली," ती म्हणाली.