कानांचं मेडिकल

कानाचं मशीन विकायचं म्हणजे दिवसभर ओरडायचं. सातारा ते सांगली या पट्ट्यात मी हेच काम करते. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत घसा असा बसलेला असतो की नवऱ्यानं काही विचारलं तर मी मानेनंच उत्तर देते. त्याला वाटतं मी रागात आहे. असू दे, समजावून सांगायलाही आवाज लागतो.

पूर्वी जरा बरं होतं. पिशवीत दोन-चार मशिनं आणि बॅटऱ्या घ्यायच्या, माणसासमोर बसायचं, एक मशीन त्याच्या कानात घालायचं आणि बोलायचं. मग सांगलीच्या ऑफिसनं आमच्या हातात टॅब दिला. त्यात प्रेझेंटेशन, बोट लावलं की सरकणारी रंगीत पानं. एका पानावर चित्रं आहेत: कुत्रा, देवळातली घंटा, कुकर, पाखरू, रडणारं बाळ. चित्राला हात लावला की त्याचा आवाज येतो. त्याच पानात खाली वेबसाईटवरचा फॉर्म बसवलाय. कुठला आवाज आला, कुठला नाही, ते गिऱ्हाइकानं स्वतः भरायचं. फॉर्म ऑफिसला पोचला की मगच मशिनांची पानं उघडणार. आणि सगळीकडं 'हो' भरलं, तर 'अभिनंदन! आपले कान उत्तम आहेत' असं पान येतं, त्यावर फुलं उधळतात आणि प्रेझेंटेशन तिथंच संपतं. मागं जायची सोय नाही, पहिल्यापासून सुरू करा.

आता आमच्या भागात कानानं कमी कोण? निम्मे तर रिटायर फौजी. त्यातही तोफखान्यातले. या माणसांना उभ्या नोकरीत एका गोष्टीचा धाक होता, मेडिकल, म्हणजे लष्करातली तब्येतीची तपासणी. त्यात कान कमी निघाला की कॅटेगरी खाली, आणि मग प्रमोशनची आशा सोडा. त्यामुळं ऐकू येत नसलं तरी येतंय म्हणायचं हे त्यांच्या अंगातच भिनलंय. टॅब पुढं धरला की त्यांची पाठ ताठ होते आणि भराभर 'हो' भरतात. चित्र तर समोरच असतं. कुत्र्याला हात लावल्यावर कुत्राच भुंकणार, ते कळायला कान कशाला लागतात? ऑफिसला मी हे सांगून सांगून थकले. फॉर्म बनवणारे साहेब म्हणाले, फॉर्म बरोबर आहे, लोक चुकीचा भरतात. घ्या!

एकदा उंब्रजजवळच्या गावातून एका काकींचा फोन आला. नवरा तोफखान्यातून सुभेदार होऊन रिटायर झालेला, मुलगी लग्न होऊन लांब, घरात दोघंच. मी गेले तेव्हा सुभेदार ओसरीवर पेपर वाचत बसले होते. मला बघितल्याबरोबर म्हणाले, माझे कान शाबूत आहेत, हिलाच उगाच वाटतं. पण टॅब दाखवल्यावर लगेच सरसावून बसले. चित्रांना हात लावत गेले, 'हो' भरत गेले. फुलं उधळली. त्यांनी बायकोकडं असं बघितलं की बघ, झालो का नाही पास!

मला खरंच कंटाळा आला होता. पुढं इस्लामपूरला एका घरी जायचं होतं, एसटी चुकली असती तर तास गेला असता. त्या शेवटच्या पानावर 'आपला अभिप्राय' म्हणून एक चौकोन असतो. बोललं की तो आपोआप लिहून घेतो. मी नेहमी 'छान' एवढं बोलते आणि टॅब मिटते. काकींनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, आपण बोललेलं यात लिहून येतं, मोठ्या अक्षरात.

काकी माझ्या शेजारी सरकल्या.

"बाई, त्यास्नी वाचाया चांगलं येतंय," त्या म्हणाल्या. "मी बोलू का यात?"

मी बटण दाबून दिलं. त्या ओरडल्या नाहीत. टॅबकडं बघत, साध्या आवाजात बोलल्या.

"आवं, वरडून वरडून माझा जीव दमला. मी तुमच्यासंगं बोलायचं सोडलंय. पोरीचा फोन आला की तुमी नुसतं हसताय, ती रडत हुती तरी हसलाय. मी म्हशीसंगं बोलती आता. परवा रातीला माझ्या छातीत दुखलं, मी लय हाका मारल्या. तुमी शेजारीच हुता."

दोन-चार शब्द टॅबनं परस्पर शुद्ध करून टाकले, पण बाकी सगळं आलं. काकींनी टॅब नवऱ्याच्या हातात दिला. सुभेदारांनी चष्मा पुसला आणि वाचलं. पुन्हा वाचलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. दिवसाकाठी इतकी घरं मी फिरते, पण दोन माणसांच्या इतकं मधे कधी बसले नव्हते.

"छातीत दुखलं?" त्यांनी बायकोला विचारलं. काकींनी हातानंच सांगितलं, गेलं ते, राहू द्या.

सुभेदार उठले. माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, मेडिकल परत घ्या. चित्रं मी न्हाई बघणार. हिच्याकडं द्या."

आणि ओसरीच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. टाचा जुळवून, हात बाजूला.

मी प्रेझेंटेशन पहिल्यापासून लावलं, आवाज पूर्ण वाढवला आणि टॅब काकींना दिला. त्यांनी कुत्र्यावर बोट ठेवलं. कुत्रा भुंकला. त्या नवऱ्याच्या पाठीकडं बघत थांबल्या. मग घंटा वाजली, पुन्हा थांबल्या. कुकरची शिट्टी झाली. पाखरू बोललं. प्रत्येक वेळी त्या आधीपेक्षा जास्त वेळ थांबत होत्या. शेवटी बाळ रडलं, चांगलं लांबलचक, ओसरी भरून जाईल इतकं. अंगणातल्या म्हशीनं मान वर करून बघितलं.

मग सगळं शांत झालं. सुभेदार तसेच उभे होते. थोड्या वेळानं भिंतीकडं बघतच म्हणाले,

"कर की सुरू."

काकींनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी टॅब माझ्या मांडीवर ठेवला, उठल्या, आणि सुभेदारांच्या पाठीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.