आमच्या घरची गुपचिळी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. वस्तू उघडून बसलो की गिऱ्हाईक समोर उभं राहून बोलतं, मग मीही बोलतो, आणि याच्या घरचं त्याला आणि त्याच्या घरचं याला कधी कळतं ते माझं मलाच कळत नाही. अशा माणसाची गाठ देवाने कुणाशी मारावी, तर ताकास तूर लागू न देणाऱ्या बाईशी.

आमची ही मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात समुपदेशक आहे. म्हणजे तिथे भरती नसलेली, घरून येणारी आणि परत घरी जाणारी माणसं तिच्यासमोर बसून बोलतात. गोळ्या डॉक्टर लिहून देतात, ही ऐकते. एकेका माणसाचं पाऊण तास, आठवड्यातून एकदा, महिनोन्‌महिने. लग्न नवं असताना मी तिला विचारलं होतं की नुसतं ऐकायचा पगार कसा काय मिळतो बुवा. ती माझ्याकडे शांतपणे बघत राहिली. इतकी शांत, की मीच बोलत सुटलो आणि माझं वडिलांशी का पटत नाही इथपर्यंत येऊन थांबलो. पगाराचा विषय मी पुन्हा काढला नाही.

तिची खोली मी पाहिली ती पंख्यामुळे. पंखा कुरकुरतो अशी तक्रार तिथल्या मामांनी केली होती. मामा म्हणजे दाराबाहेर स्टुलावर बसून नंबर पुकारणारे शिपाई. मी सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन गेलो. छोटीशी खोली. दोन खुर्च्या, पण समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या, म्हणजे बोलणाऱ्याला वाटलं तर खिडकीकडे बघता यावं. कागदी रुमालांचा डबा पेशंटच्या हाताशी, हिच्या हाताशी नाही. भिंतीवरचं घड्याळ पेशंटच्या पाठीमागे, म्हणजे हिला वेळ कळावी पण मनगटाकडे बघावं लागू नये. मी बेअरिंग बदललं, तेल घातलं, पंखा पाण्यासारखा चालायला लागला. शाबासकी मिळेल म्हणून घरी आलो, तर दुसऱ्या दिवशी बाईसाहेब तोंड पाडून परत. म्हणाली, आता आतलं सगळं बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जातं, तो आवाज आम्हाला हवा होता. धंद्यात इतकी वर्षं काढली, पण चांगला चालणारा पंखा बिघडवून द्यायला मी पहिल्यांदाच शिडीवर चढलो.

घरी आल्यावर ती पायातल्या चपला न काढता पुढच्या खोलीत थोडा वेळ बसते. तेव्हा कुणी काही विचारायचं नाही. मग स्वतःशीच “झालं” म्हणते, चपला काढते आणि उठून आमची होते. त्यानंतर ती हसते, भांडते, मला टोमणे मारते, लेकीच्या केसांवरून कटकट करते. चारचौघींसारखी बडबडी बाई आहे. पाहुणा आला तर पाणी द्यायच्या आधी त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करते. फक्त दवाखान्यातलं काही विचारा, की ओठ शिवलेले.

आणि रस्त्यात तर आणखीनच मजा. तिच्या पेशंटांपैकी कुणी समोरून आलं तर ही आधी ओळख दाखवत नाही. तिच्या कामाचा तो नियमच आहे. समोरच्याबरोबर घरचं माणूस असेल, हापिसातलं असेल, त्याने त्यांना काय सांगितलंय कुणास ठाऊक. त्याने स्वतःहून हाक मारली तर बोलायचं, नाहीतर तो कोण आणि आपण कोण. मला सुरुवातीला हे कळायचं नाही. ती मध्येच एखाद्या दुकानापुढे थांबून कुलपांकडे टक लावून बघायला लागली की मी विचारायचो, “कोण गं ते?” ती म्हणायची, “कुठले?” गावात निम्मे लोक तिला शिष्ट समजतात. मला राग येतो, तिला येत नाही.

तर अशा घरात लेकीने एक दिवस सांगितलं की तिने मुलगा पसंत केलाय. मुलगा पुलांची तपासणी करणाऱ्या खात्यात होता, लेकीपेक्षा हातभर उंच. मी त्याचं नाव मनातल्या मनात शिडी ठेवलं. शिडी दोनदा घरी येऊन गेला, आम्हाला दोघांनाही आवडला. एवढा मोठा माणूस, पण लेक बोलत असताना मध्ये बोलत नव्हता. आता त्याचे आईवडील भेटायला येणार असं ठरलं. लेकीने पडदे धुतले. मी घंटी दुरुस्त केली. सुताराची खुर्ची मोडकी तशी माझ्या घरची घंटी वर्षभर बंद होती.

दार मी उघडलं. शिडी आईवडिलांना घेऊन आला होता. वडील तोंडाने मोकळे, माझ्यासारखेच, आल्या आल्या त्यांनी घंटीचं कौतुक केलं. आई बारीक आवाजाची, नीटनेटकी बाई, कुठल्याशा शाळेच्या ग्रंथालयात कामाला. ही आतून ट्रे घेऊन आली, “बसा ना” म्हणाली, आणि संपलं. त्यानंतर आमच्या हिने त्या बाईला काहीच विचारलं नाही. घर कुठे, माहेर कुठलं, तब्येत कशी, ग्रंथालयात किती वर्षं, एक नाही की दोन नाही. जिचा धंदाच माणसांना बोलतं करायचा, तिने चहा पुढे केला, बिस्किटं पुढे केली आणि बाकी सगळा वेळ शिडीच्या वडिलांकडे बघत बसली. ती बाईही कपात बघत राहिली. मी आणि वडील दोघं मिळून पुलांवर आणि पंख्यांवर बोलून बोलून दमलो. लेक एकदा आईकडे बघायची, एकदा होणाऱ्या सासूकडे. तिचा चेहरा मला बघवत नव्हता.

पाहुणे गेल्यावर मी भडकलो. माझा राग नाकावरच असतो. म्हटलं, हे काय वागणं झालं, लोक मुलाचे आईवडील म्हणून आले होते, तू त्यांना मीटर वाचायला आल्यासारखं वागवलंस. ती कप धूत राहिली. लेक म्हणाली, “आई, त्यांच्यात काही वाईट दिसलं का तुला? सरळ सांग.” ही म्हणाली, मुलगा चांगला आहे, तुला आवडला म्हणजे मला आवडला. “आणि त्याची आई?” यावर तिने नळ बंद केला, हात पुसले आणि सांगितलं की त्यांच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. आता असं म्हटल्यावर कुणाला काय वाटेल? लेकीला वाटायचं तेच वाटलं. मला तर त्याहून वाईट वाटलं.

आठवडाभरात शिडीच्या वडिलांचा फोन आला. इतके मोकळे गृहस्थ, पण शब्द शोधत होते. म्हणाले, मुलाच्या आईला वाटतं की घरं जुळत नाहीत, तुमची मंडळी मोठ्या शिक्षणाची, आम्ही साधी माणसं, पुढे मुलांना त्रास नको. शिडी आईच्या मुठीत होता असं नाही, पण आईला रडवून लग्न करायला तो तयार नव्हता आणि आमची लेकही नव्हती. लेक खोलीचं दार लावून बसली. मी हिला बोलायचं ते बोललो, न बोलायचं तेही बोललो. तिने ऐकून घेतलं. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर ती लेकीच्या दारापाशी उभी होती. तिचा हात दारावर टेकलेला होता, पण तिने दार वाजवलं नाही. मग पुढच्या खोलीत जाऊन चपला घालून बसली, कुठेही जायचं नसताना. मला तेव्हा तिची दयाही आली आणि तिचा संतापही आला.

असेच वाईट दिवस चालले होते, आणि एका दुपारी शिडीची आई दुकानात आली. हातात मिक्सर. म्हणाली, चालत नाही. मी पालथा घालून खालचं लाल बटण दाबलं, मिक्सर सुरू झाला. भार जास्त झाला की ते बटण आपोआप सुटतं, बाकी बिघाड काही नव्हता. तिने मिक्सर उचलला नाही. इकडेतिकडे बघितलं, दुकानात दुसरं कुणी नव्हतं, आणि हळूच विचारलं की आम्ही गेल्यावर तुमच्या घरी माझ्याविषयी काय बोलणं झालं.

मी आधीच भरलेला होतो. म्हटलं, “बोलणं? बाई, आमच्या घरात त्या दिवसापासून भांडी सोडून कुणी बोलत नाही. मी विचारलं, लेकीने रडून विचारलं. दगडाला पाझर फुटेल, पण हिला नाही. तुमच्यात तिला काय खुपलं ते तुम्हीच तिला विचारा. मला तर ती सांगत नाही.”

ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. “तुम्हालासुद्धा काही सांगितलं नाही त्यांनी?”

“काय सांगणार? तिची तुमची ओळख तरी कुठे आहे?”

गिऱ्हाइकांच्या स्टुलावर ती बसली ती जवळजवळ पडलीच. मी पाणी दिलं. ती रडत होती, आणि मला वाटतं थोडी हसतही होती. मग तिने सांगितलं. हे सगळं मी त्या बाईंच्या परवानगीने लिहितोय, आता त्या स्वतःच चारचौघांत सांगतात, तेव्हा कुणी माझ्या नावाने बोटं मोडू नयेत.

शिडी शाळेत असतानाची गोष्ट. बाईंना अंथरुणातून उठवेना. अंगात ताप नाही, काही दुखत नाही, पण केस विंचरायचे म्हटले तरी रडू यायचं. मुलाला आजोळी ठेवून काही दिवस भरती होत्या, मग दर मंगळवारी हिच्याकडे यायच्या. हिने त्यांना पहिलं काम दिलं ते रोज सकाळी खोलीची खिडकी उघडायचं. एवढंच. खिडकी उघडून परत झोपलात तरी चालेल म्हणाली. खिडकीपासून अंगणापर्यंत यायला बाईंना अख्खा उन्हाळा लागला, आणि नोकरीपर्यंत यायला दोन वर्षं. घरात हे फक्त नवऱ्याला माहीत. मुलाला सांगितलं होतं की आई मंगळवारी शिवणकाम शिकायला जाते.

“आणि मला अजून साधं बटण लावता येत नाही,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “त्याला कधी शंका आली नाही.”

त्या दिवशी आमच्या घरी ट्रे घेऊन आलेल्या हिला बघून त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती. “त्यांनी मला सगळ्यात वाईट दिवसांत पाहिलंय. अशा बाईच्या घरात कोण आपली मुलगी देईल? त्यांनी मला काहीच विचारलं नाही, तेव्हा मी समजले. मग म्हटलं, त्यांनी नाही म्हणायच्या आत आपणच नाही म्हणावं.”

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. माहेर कुठलं, तब्येत कशी, नोकरी कधीपासून, यातलं काहीही हिने विचारलं असतं तर त्या बाईला मुलासमोर एकतर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर खरं. आणि हिला सगळी उत्तरं पाठ असताना माहीत नसल्याचं नाटक करावं लागलं असतं. म्हणून ही गप्प बसली. बाईंविषयी चांगलं बोलली असती तरी ते त्या खोलीत ऐकलेलंच असतं, म्हणून तेही बोलली नाही. पोटच्या पोरीचं लग्न मोडत होतं, नवरा नाही नाही ते बोलत होता, एका वाक्यात सगळं सुटलं असतं. ते वाक्य हिने तोंडाबाहेर काढलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला आणि माझ्या जिभेची इतकी लाज वाटली, की मी उगाच पुन्हा तो मिक्सर उघडून बसलो.

जाताना बाई म्हणाल्या की आज संध्याकाळी त्या मुलाला सगळं सांगणार आहेत, त्याला हे आधी त्यांच्याच तोंडून कळायला हवं. “तोवर कुणाला सांगू नका. घरी ताईंनासुद्धा नको.”

झालं. ज्याच्या पोटात पाणी टिकत नाही त्याच्याकडे विहीर राखायला दिली. मी दुकान बंद करून घरी आलो तेव्हा माझं तोंड आतून खाजत होतं. जेवायला बसलो. लेक आपल्या खोलीतच होती. हिने वाढलं आणि माझ्याकडे पाहिलं. माणसांचे चेहरे वाचण्यात तिचा जन्म गेला आहे.

“काय झालं?” तिने विचारलं.

“कुठे काय,” मी म्हटलं.

तिने ती नजर लावली, ती पगाराच्या प्रश्नाला लावलेली, जिच्यापुढे माणूस बोलत सुटतो. मी घास घेतला. मग दुसरा घेतला. पाणी प्यालो. इतक्या वर्षांत मी तिच्यापासून काही लपवू शकलो नव्हतो आणि त्या दिवशीही लपवत नव्हतोच, फक्त सांगत नव्हतो. तिच्या लक्षात आलं असावं. कुणीतरी माझ्याजवळ काहीतरी ठेवायला दिलंय, एवढं तिला दिसलं, आणि तिने पुढे विचारलं नाही. नुसती वाटी पुढे सरकवून म्हणाली, अजून घ्या. आम्ही दोघं एकाच गोष्टीविषयी गप्प बसून जेवलो, आणि खरं सांगतो, त्या दिवशीइतकी ती मला लग्नाच्या दिवशीही जवळची वाटली नव्हती.

जेवणं होताहेत तोच लेक फोन घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले, पण चेहरा उजळलेला. तिला काय बोलावं ते सुचत नव्हतं. “त्याच्या आईचा फोन आहे. त्या हो म्हणताहेत. आणि आई, त्यांना तुझ्याशी बोलायचंय.”

हिने उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हाताने फोन घेतला. पलीकडून बाई बराच वेळ बोलत होत्या. ही ऐकत होती, तिच्या कामावर ऐकते तशीच, मध्ये हूं की चूं न करता. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते मी कधी पाहिलं नव्हतं. लेक घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला खुणेने बसायला सांगितलं.

पलीकडचं बोलणं संपलं. हिने खांद्याने डोळे पुसले आणि म्हणाली, “आता विचारते हं. कशा आहात तुम्ही?”