मामा 'चला' म्हणायचे राहिले

आमच्या चुनखडीच्या गुहेत एकोणतीस वर्षं एकच गाइड होता. त्याला झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे मामा म्हणत. मी तिकीट खिडकीवर बसते, त्यामुळे मामांचा आवाज मला दिवसातून सहा वेळा ऐकावा लागे. माहिती थोडी, दटावणी जास्त. "हा खांब बोटभर वाढायला हजार वर्षं लागलीत आणि तुम्ही त्याला टेकून फोटो काढताय? घरी आजोबांना असं टेकता का?" लोक ओशाळत, आणि पुढच्या वर्षी पाहुण्यांना घेऊन पुन्हा येत, खास बोलणी खायला.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्या डोक्यात हेडफोन शिरले. लोकांनी ते कानाला लावावेत, ऐकत ऐकत फिरावं. गाइड हवाच कशाला? वर आवाज मात्र मामांचाच पाहिजे! मला तर कळेना, माणसाला घालवायचं आणि त्याचा आवाज ठेवून घ्यायचा, ही कुठली रीत?

मामा ऑफिसात रेकॉर्डिंगला बसले, पण समोर दटावायला कुणी नाही म्हटल्यावर त्यांची बोबडी वळली. शेवटी गळ्यात रेकॉर्डर अडकवून ते नेहमीसारखी माणसं घेऊन आत गेले. त्यात "ओ निळा शर्ट, हात खाली!" हेही आलं. साहेबांनी पहिली पाच मिनिटं ऐकली आणि "उत्तम" म्हणून सही ठोकली.

महिनाअखेर हा मामांचा शेवटचा दिवस, आणि त्याच दिवशी हेडफोनची पहिली फेरी. साहेबांसकट बावीस जण आत गेले. मामा माझ्या खोलीत स्टुलावर बसून किल्ल्या, टॉर्च, शिट्टी टेबलावर मांडत होते.

"तुम्ही काहीच कसं बोलत नाही?" मी चिडून विचारलं.

"एकोणतीस वर्षं बोललोच की गं," ते म्हणाले, आणि शिट्टी पुसत राहिले.

पाऊण तासाची फेरी, पण सव्वा तास झाला तरी कुणी बाहेर येईना. मामा आधी घड्याळाकडे पाहत होते, मग दाराकडे. एकाएकी त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटच्या दालनात मामा लोकांना मिनिटभर मिट्ट काळोख दाखवायचे. आधी दम भरायचे, "बाजूला डोह आहे. मी 'चला' म्हणेपर्यंत कुणी पाऊल उचलायचं नाही." मग दिवे, टॉर्च, मोबाइल, चमकणारी घड्याळंसुद्धा बंद करायला लावायचे. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्या काळोखात गळ्यातल्या रेकॉर्डरवर लाल ठिपका दिसला. नियम म्हणजे नियम, मामांनी तोही बंद केला आणि पुन्हा सुरू करायला विसरले.

"अगं, 'चला' म्हणायचं राहिलं!"

आम्ही धावलो. दालनात काळाकुट्ट अंधार. माणूस हलला तरच लागतील असे नवे दिवे साहेबांनी हौसेनं बसवले होते. पण हलतंय कोण? आम्ही आत पाऊल टाकलं तसे ते लागले. माणसं हात अंगाशी चिकटवून उभी होती, सगळ्यांत पुढे घामानं निथळणारे साहेब.

"चला," मामा म्हणाले.

कुणी हलेना. कानावरच्या हेडफोनमुळे शब्द कुणाला धड कळलाच नव्हता. "श्श, सुरू झालं," एक आजी कुजबुजल्या, आणि सगळ्यांनी हेडफोन कानाशी घट्ट दाबले.

मामांनी एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजायला सुरुवात केली. बावीस भरले. "सगळे आहात. चला आता."

साहेबांनी हेडफोन उतरवला. "मामा, उद्या आठला या."

"उद्या कशाला?"

"आम्हाला बाहेर काढायला कुणी तरी लागेलच ना रोज."

"आधी आजचे तर निघू द्या," असं म्हणून मामांनी साहेबांचा हात धरला. साहेबांनी तो दारापर्यंत सोडला नाही.