बुध पाहण्याचा मुहूर्त

समस्त नेरूळवासीयांस, आणि विशेषतः आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना, गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बुध हा ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतो. अट एकच. डोळे असावे लागतात.

नव्वदच्या दशकात मी दिवसा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत नोकरी करायचो आणि संध्याकाळी घरचा स्वयंघोषित खगोलशास्त्री असायचो. वडील भूगोलाचे निवृत्त शिक्षक. जन्मभर त्यांनी फळ्यावर सूर्याला खेटून बुधाचा ठिपका काढला, खरा बुध कधी पाहिला नव्हता. काचबिंदूनं उजवा डोळा नेला आणि डाव्यानंही आवराआवर सुरू केली, तेव्हा ते म्हणाले, "एवढा तो बुध दाखव. मग पडला पडदा तरी चालेल."

मी पंचांग उघडलं. बुधाच्या अंशांतून सूर्याचे अंश वजा करायचे. उरलेल्या प्रत्येक अंशाला साधारण चार मिनिटं. तेवढा वेळ सूर्य बुडाल्यावर बुध मागे रेंगाळतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे दहा अंश. अंधारताना क्षितिजापासून मूठभर उंची हवीच, हा माझा कायदा.

पावसाळ्यातला बुध ढगांनी खाल्ला. दिवाळीनंतरचा दिसला असता, पण तो सूर्याच्या डावीकडे कलंडलेला. खाडीवर जेमतेम अर्धी मूठ. मुलीचं स्थळ नाकारावं तशा ऐटीत मी तो नाकारला.

"अर्धी तर अर्धी," वडील म्हणाले. "जाऊन तर येऊ."

"छे! मार्चमध्ये पूर्ण मूठ आहे बाबा. एकदम ए-वन."

"मार्च लांब आहे रे."

मी त्यांच्या हातात गणिताचा कागद दिला. त्यांनी तो नाकाशी धरला, बराच वेळ पाहिला आणि "बरोबर आहे" म्हणाले. कागद उलटा धरला होता. हा किस्सा मी विनोद म्हणून अख्ख्या बिल्डिंगला सांगितला. लोक खूप हसले.

मार्चमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून ते रिक्षात बसले. सारसोळ्याच्या धक्क्यावर, खाडीकडे तोंड करून, मी त्यांना बाकड्यावर बसवलं. आकाश स्वच्छ. शेजारी एक कोळीण मासळीची पाटी धूत होती.

"काय बगताय?"

"बुध. चांदणीच समजा. सव्वासातला दिसेल."

"टायमावर येते काय?"

आली. सव्वासातला, पाण्यापासून बरोबर एका मुठीवर, पिवळसर ठिपका. गणित तसूभरही चुकलं नव्हतं. मी आकाशाला मूठ लावून धक्क्यावर अक्षरशः नाचलो. "बाबा, समोर! माझ्या मुठीच्या वर!"

आणि मागे वळलो. ते घाईनं उठून उभे राहिले होते. उठताना अंगानं गिरकी घेतली असावी. पाठ खाडीला, चेहरा कॉलनीकडे.

"दिसला!" वर्गात बोलायचे त्या आवाजात ते म्हणाले. "वा! काय ठसठशीत आहे रे! थांबलो ते बरं झालं."

मी कोळिणीकडे पाहून झटकन ओठांवर बोट ठेवलं. पण तिचं तोंड आधीच उघडलं होतं.

"ओ आजोबा, चांदनी हिकडं हाय! तिकडं तं बिल्डिंगी हायेत!"